‘नाही’वर केलेली खूण

१४ मार्च २०२४, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे. रुग्णालयात माझा क्रमांक येण्याची वाट पाहत मी वहीच्या नव्या पानावर ही वेळ लिहिली. मोजमापाआधी वेळ लिहायची, ही प्रयोगशाळेची शिस्त. पोटातल्या बाळाचा अकरावा आठवडा होता.

तीन आठवड्यांपूर्वी व्हिएतनाममधल्या एका जुन्या अमेरिकी हवाई तळाजवळच्या तळ्यातला गाळ आणायला आमचा गट गेला होता. साम्यवाद्यांविरुद्धच्या त्या युद्धात अमेरिकेने सैन्य काही वर्षांत पाच लाखांच्या वर नेले आणि मग जवळजवळ शून्यावर आणले. माझ्या शोधनिबंधाची पहिली आकृती हीच: चढ, शिखर, उतार. गनिमांचा आडोसा नाहीसा करण्यासाठी जंगलांवर फवारलेल्या तणनाशकातले डायऑक्सिन हे गर्भालाही घातक विष मात्र अशा तळांच्या मातीत उरले. त्याची रेषा सैनिकांच्या रेषेबरोबर उतरत नाही. परिषदेत ही आकृती मी अभिमानाने दाखवली होती.

निघण्यापूर्वी सुरक्षा-अर्जात प्रश्न होता: गर्भवती आहात का? आईने फोनवर बजावले होते, "तीन महिने भरेपर्यंत कुणाकडे बोलायचं नाही. जावईबापूंनाही सांग, नाहीतर बोटीवर पेढे वाटत सुटतील." नवरा मरीन इंजिनिअर, तेव्हा समुद्रावर होता.

"आई, तुझ्या मुलीने विज्ञानात डॉक्टरेट केली आहे."

"मग विज्ञानालाही सांगू नकोस."

मी ‘नाही’वर खूण केली. आईची रीत माझ्या सोयीची होती, एवढेच. खरे सांगितले असते तर नमुने दुसऱ्याने आणले असते आणि निबंधावर पहिले नावही त्याचेच लागले असते.

तळ्यावरच्या दुसऱ्या दिवशी गाळाची नळी उपसताना डावा हातमोजा मनगटापाशी फाटला. गार गाळ बोटांपर्यंत गेला. काम थांबवले असते तर गटप्रमुख बाईंनी चौकशी केली असती, म्हणून त्याच हाताने मी उरलेले चार नमुने काढले. एवढ्या वेळात त्वचेतून जाणारी मात्रा नगण्य असावी. घरी, पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये परतल्यावर हा हिशेब मी सतरा वेळा केला. उत्तर दर वेळी तेच आले.

तपासणीच्या खोलीत सोनोग्राफीसाठी पोटावर लावलेली जेलही तशीच गार होती. मी डॉक्टरांना सगळे सांगितले. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

"ठोके उत्तम आहेत."

"म्हणजे बाकीही ठीक?"

"आज एवढंच सांगता येतं. बाकीचं विसाव्या आठवड्यात पाहू."

बाहेर येऊन मी गटप्रमुखांना फोन केला. त्यांनाही सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "आधी सांगायचं होतंस. उद्यापासून तू प्रयोगशाळेत यायचं नाहीस. नमुने दुसरं कुणी उघडेल."

मी हो म्हणाले. मग वही उघडली. सकाळच्या वेळेखाली आकडा लिहिला. ठोके, दर मिनिटाला: १६४.