आल्त्ये मावशींच्या घराखालचे खांब

आमच्या ॲमस्टरडॅममधली घरं चिखलात ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी. पाण्यात बुडालेलं लाकूड शेकडो वर्षं टिकतं, पण शेजारचा कालवा बुजवला, जमिनीतलं पाणी उतरलं आणि खांब उघडे पडून कुजू लागले. गल्लीतली काही घरं पाडलीसुद्धा. मग पाळी आली आल्त्ये मावशींच्या घराची. जन्म, लग्न, वैधव्य, सगळं त्यांचं त्याच घरात झालेलं!

सीब्रन सुताराने तळघराची जमीन खणली आणि खांबांना सुरी टोचून पाहिली. मावशी वरून ओरडल्या, "मेल्या, बोल की! पाडायचं का घर?"

"सुरी शिरतच नाही, मावशी. खांब अजून पाण्यातच आहेत. तुमच्यासारखेच चिवट!"

मावशी मटकन पायरीवर बसल्या नि हसता हसता रडल्या. मग काय सांगू, सीब्रनला त्यांनी चिखलाच्या बुटांसकट स्वयंपाकघरात बसवून कॉफी पाजली!