शेवटच्या अक्षरातलं ठिगळ

चिलोए बेटावरच्या आमच्या गावात होड्यांची नावं आणि कबरींचे क्रूस एकच माणूस कोरायचा, माझा काका एलिसेओ. हात सोन्याचा, पण चूक कबूल करणं त्याच्या जिवावर यायचं.

आधी तो अक्षराच्या मधोमध सुरीनं बारीक रेघ ओढी. मग पटाशी तिरकी धरून दोन्ही बाजूंनी त्या रेघेपर्यंत लाकूड उतरवी. "रेघ रंध्यानं पुसता येते, पटाशीचा घाव नाही," असं म्हणायचा. म्हणून समुद्रात हरवलेल्याच्या क्रूसावर तो नुसती रेघ ओढून थांबे. घरच्यांनी आशा सोडली की मगच पटाशी.

त्या जूनच्या वादळात त्याचा जावई रेमिहिओ 'गोलोन्द्रिना' होडी घेऊन गेला तो गेलाच. एकविसाव्या दिवशी काकानं क्रूसावर रेघेनं त्याचं नाव लिहिलं. ओतिलियानं, काकाच्या मुलीनं, रंधा आणून शेजारी आदळला.

"राहू दे हा इथंच. तो आला की मीच पुसणार ते नाव."

"पोरी, नुसती रेघ आहे गं."

"तुमची रेघसुद्धा मला बघवत नाही!"

पुढच्या आठवड्यात किनाऱ्याला होडीच्या नावाच्या फळीचा तुकडा लागला. नावाची शेवटची दोनच अक्षरं उरलेली, एन आणि ए. ओतिलियानं तो काकासमोर धरला.

"आपल्या होडीचा आहे का, बाबा?"

काकानं ए अक्षराच्या दांडीवरून अंगठा फिरवला आणि झटकन काढून घेतला. "असेल कुणाचाही. अशी शेवटची अक्षरं पन्नास होड्यांना आहेत," तो म्हणाला आणि तुकडा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

ओतिलिया हरखली. रेमिहिओचा अर्धवट स्वेटर पुन्हा विणायला बसली. तीन दिवस काका ते बघत राहिला. खोटं बोलतोय हे मला कळत होतं. रागही येत होता, आणि त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. चौथ्या दिवशी ती दुसरी बाही सुरू करत होती, तेव्हा त्यानं तुकडा उचलला. पटाशीचं टोक ए अक्षराच्या आडव्या दांडीत घातलं. रंगाखालून नखाएवढी ढलपी निघाली. ती त्यानं तिच्या हातावर ठेवली.

"इथं माझी पटाशी लाकडाच्या धाग्याच्या उलट गेली होती. लाकूड उडालं. हे ठिगळ चिकटवून वरून रंग दिला. कुणाला सांगितलं नाही. रेमिहिओला मात्र दिसलं. हसून म्हणाला, सासरेबुवा, एवढ्यानं काय होडी बुडतेय?"

सुया तिच्या मांडीवरून खाली पडल्या. मग उठून तिनं क्रूसाशेजारचा रंधा उचलला. आता नाव पुसते की काय, म्हणून मी पुढे झालो. तिनं तो वरच्या फळीवर ठेवून दिला आणि पटाशी बापाच्या हातात दिली.

"कोरा, बाबा," ती म्हणाली. "आणि ह्या वेळी ठिगळ नको."