पक्की शिलाई

टाकेबाईंचं खरं नाव विचारलं तर गल्लीतली निम्मी माणसं डोकं खाजवतील. बाई गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतात, आणि त्यांनी घातलेला टाका उसवल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही, म्हणून टाकेबाई. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दारापाशी दोन मशिनं, एक बाईंचं आणि एक सुनेचं, मागे रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पुठ्ठ्याचे साचे. नामांकित कंपनीच्या अस्सल कव्हरांची किंमत ऐकून ज्यांचे डोळे पांढरे होत, ती गिऱ्हाइकं इकडे येत. अस्सल कव्हर हाती लागलं की बाई ते शिवण न् शिवण उसवायच्या, साचा काढायच्या आणि त्यावरून नक्कल उतरवायच्या. लपवाछपवी मुळीच नाही. "नक्कलच आहे, पण अस्सलापेक्षा जास्त टिकेल," असं त्या तोंडावर सांगत, आणि खरोखर टिकायची. त्यामुळे बाईंचं नाक जरा वरच असायचं.

सुनेच्या भावानं नवी गाडी घेतली तेव्हा विहीणबाई फोनवर सहज म्हणाल्या, "कव्हरं आपण कंपनीचीच घेऊ या." झालं. टाकेबाईंना ते इतकं झोंबलं की त्या दिवशी त्या धड जेवल्या नाहीत. घरात शिवणारी असताना बाजारातून आणायची म्हणजे काय? योगायोग असा, की त्याच आठवड्यात तशाच गाडीचा एक माणूस दुकानात आला. अस्सल कव्हराला सिगारेटचं भोक पडलं होतं, ते बुजवायचं होतं. कव्हरं दोन दिवस दुकानात राहिली, भोक बुजलं आणि बाईंचा साचाही निघाला.

उसवताना त्यांना एक गंमत दिसली. पुढच्या सीटच्या पाठीला, दाराकडच्या कडेला, वीतभर शिवण वेगळ्याच दोऱ्याची होती. कात्रीचं टोक लागताच ती सुटली.

"बघ गं," त्या सुनेला म्हणाल्या, "नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. एवढी मोठी कंपनी, आणि दोरा केसासारखा."

विहीणबाईंच्या कव्हरांना तिथे त्यांनी दुहेरी नायलॉन घातला आणि वरून आणखी एक शिलाई मारली. शेजारी एक बोटभर कापडी चिठ्ठी होती, 'एअरबॅग' लिहिलेली. एअरबॅग समोर असते हे बाईंना ठाऊक होतं, तेव्हा ही चिठ्ठी मिरवायला लावली असणार, असा त्यांचा हिशेब. तीही त्यांनी दोऱ्यानं हुबेहूब भरून दिली, उलट अक्षर जास्तच रेखीव आलं. कव्हरं गाडीला चढली. विहीणबाई हात फिरवून म्हणाल्या, "अगदी कंपनीचीच वाटतात हो." हे कौतुक की चिमटा, यावर बाईंनी पुढे बराच विचार केला.

आज सकाळी एक गृहस्थ फाटकं कव्हर घेऊन आले. चालताना एक हात कुशीवर धरलेला होता. चौकात दुसरी गाडी आडवी येऊन थेट त्यांच्या दारावर आदळली होती. बाईंनी कव्हर उलगडलं. गाडी तीच, कंपनीही तीच. बाकी सगळं धड, फक्त कडेची ती वीतभर शिवण वरपासून खालपर्यंत उघडी.

"बघा," बाई खुशीत म्हणाल्या, "मी सांगतच होते. कच्ची शिलाई."

"अहो बाई, ती फाटायलाच ठेवलेली असते," गृहस्थ म्हणाले. "तिथूनच तर एअरबॅगची पिशवी बाहेर येते. सीटच्या आत असते ती. दार आणि माझ्या बरगड्यांच्या मधे आली म्हणून मी तुमच्यासमोर उभा आहे. तिथे दोरा पक्का असता तर पिशवी आतच कोंडली असती. कव्हरवर लिहिलेलं असतं की तसं."

सुनेचं मशीन थांबलं. टाकेबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. सून हळूच म्हणाली, "आई, दादा आज निघतोय."

सुनेच्या माहेरचं सगळं घर निघालं होतं. मोठा रस्ता, दिवसभराचा प्रवास. सुनेनं फोन लावला, तेव्हा बाईंनी हातानंच खुणावलं, सगळं सांगू नकोस. मग स्वतःच फोनजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "अरे, कव्हराचा एक टाका राहिलाय. थांबता का जरा?"

"तुमचा टाका? राहिला?" तो हसला. "आल्यावर बघू, मावशी. सामानसुद्धा भरून झालंय."

"आम्ही येतोय, थांब," सून म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. तिनं सासूला एका शब्दानं विचारलं नाही, की खरं का नाही सांगितलंत. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं बाईंना स्कूटरवर मागे बसल्यावर वाटलं. सिग्नलला उभं राहताना त्यांचा जीव टांगणीला लागत होता, आणि तरीही, खोटं कशाला बोला, त्यांच्या मनात वाक्यं जुळत होती ती विहिणीसमोर अब्रू राखणारी. टाका राहिलाय, एवढंच म्हणू. पाच मिनिटांत शिवण उसवू. कुणाला कळायचं कारण नाही. माणसाचं नाक फार चिवट असतं.

गाडी फाटकाशी चालू उभी होती. मागे मुलं आणि त्यांची आई. पुढे, पट्टा लावून, विहीणबाई. त्यांचा खांदा नेमका त्या शिवणीला टेकलेला.

"जरा उतरता का? एक टाका तेवढा..."

"राहू द्या हो. एका टाक्यानं काय होतंय?"

"मावशी, उशीर होतोय," सुनेच्या भावानं हात गिअरवर ठेवला.

बाईंचा हात दारावर होता. गाडी इंचभर पुढे सरकली आणि हातही तिच्याबरोबर गेला.

"बंद कर गाडी," टाकेबाई म्हणाल्या. "टाकाबिका काही राहिला नाही. मी नको तिथे पक्की शिलाई मारलीय. धडक बसली तर या सीटमधली पिशवी उघडणार नाही. कंपनीला नावं ठेवली आणि स्वतः माती खाल्ली. उतरा, विहीणबाई, पाया पडते."

इंजिन बंद झालं. विहीणबाई पट्टा सोडून खाली उतरल्या. बाईंनी ब्लेड काढलं. एक घाव दोन तुकडे म्हणायला सोपं आहे, त्यांचा स्वतःचा नायलॉन त्यांनाच दाद देईना. सुनेनं कव्हर ताणून धरलं तेव्हा कुठे ते कापलं गेलं. मग कव्हरं बांधणारे खालचे पट्टेही कापले आणि पुढच्या दोन्ही सीटची कव्हरं ओढून काढली. मुलं टकामका बघत होती.

आता टोमणा येणार म्हणून बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. तो आला नाही. विहीणबाईंनी फक्त विचारलं, "आणखी कुणाच्या गाडीला आहेत ही?"

"नाही हो. या साच्यावरून फक्त तुमचीच..." आणि बाई बोलता बोलता थांबल्या.

ते सिगारेटचं भोक. ती कव्हरं साच्यासाठी उसवली होती, तर पुन्हा शिवूनही दिली होती. आणि देताना, बिचाऱ्यानं एवढे पैसे मोजले आहेत म्हणून, ती वीतभर शिवण दुहेरी नायलॉननं पक्की केली होती. त्याचे पैसेही घेतले नव्हते. तो माणूस दारापर्यंत जाऊन परत आला होता, आभार मानायला.

"त्याचा नंबर?" सुनेच्याही ध्यानात आलं होतं.

"नाही घेतला."

"गाडी पांढरी होती," सून म्हणाली.

समोरच्या रस्त्यावरून एक पांढरी गाडी गेली. तिच्यामागून दुसरी. टाकेबाई ब्लेड तसंच मुठीत धरून रस्त्याच्या कडेला गेल्या आणि येणाऱ्या प्रत्येक काचेतून आत बघू लागल्या. तो मात्र कुठेतरी निर्धास्त गाडी चालवत असणार, कारण त्याची कव्हरं अस्सल होती.