नुसता फोटो

दवाखान्यातल्या एक्स-रेच्या खोलीत मूल रडून आकाशपाताळ एक करू लागलं, की साहेब काचेमागून ओरडत, "मावशी, धरा!" त्यावरून तिला सगळे धरामावशीच म्हणू लागले. नेमणूक सफाईची; पण हातपाय झाडणारी पोरं धरायचं कामही तिच्याच गळ्यात पडलेलं. शिशाचा एप्रन खोलीत एकच, आणि तो साहेबांच्या अंगावर! जो जाड भिंतीआड उभा, त्याला चिलखत; जी यंत्रापुढे उभी, तिला धुऊन विटलेला सुती डगला. ह्याला काय म्हणावं? तिने एकदा विचारलंही होतं. साहेब हसले, "अहो, नुसता फोटो तर काढतोय." फोटोला कोण घाबरणार? ती पुढचं पोर धरायला गेली.

मग एकदा ती तापाने आडवी झाली. तिची लेक त्याच दवाखान्यात फरशी पुसायची. लेकीला नुकतेच दिवस गेले होते. त्या संध्याकाळी लेक दंड चोळत घरी आली.

"आज तुझ्या जागी मला उभं केलं गं. पोरं काय लाथा झाडतात!"

मावशी ताडकन उठून बसली. "पोटुशी आहेस, सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. म्हणाले, नुसता फोटो आहे."

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. गरोदर बाईने आधी सांगावं, अशी ठळक पाटी त्याच दारावर होती. म्हणजे ती फक्त पेशंटसाठी? फरशी पुसणारीच्या पोटात काय दगड वाढतो?

सकाळी ताप अंगावर काढून ती लेकीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या, "बहुधा काही होणार नाही."

"बहुधा?"

"किरणं किती लागली ते कळायला कपड्यावर बिल्ला लावतात. हिचा बिल्ला आणलात?"

"तो एक्स-रेवाल्यांना मिळतो," लेक म्हणाली. "आम्ही सफाईच्या."

बाईंनी चष्मा काढला. "मग नक्की कसं सांगू?"

"म्हणजे बाळ ठीक आहे असं नाही," मावशीचा आवाज चढला. "कुणी मोजलंच नाही, एवढंच! आमचं मोजायचंच नाही, असं ठरलेलंच आहे तुमच्यात!"

लेक आईकडे पाहत राहिली.

"आई, मी एकच दिवस उभी होते गं," ती हळूच म्हणाली. "तू माझ्या वेळी पोटुशी होतीस, तेव्हाही धरत होतीस ना?"