नात्याचा रकाना

त्या रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मी मेथी निवडत होते. पडद्यावर वैजूचं नाव होतं, म्हणून उचलल्या उचलल्या मी नेहमीच्या थाटात म्हटलं, "काय गं, रविवारी तरी सुखानं जगू दे मला." पण वैजू बोलत नव्हती. मांजरी गावात तिच्या खोलीत राहणारी करिश्मा होती. "मॅडम, वैजूताई वारली. आत्ता… हॉस्पिटलमध्ये." मी म्हणाले, "तिला फोन दे." खरंच असं म्हणाले मी. करिश्मा नुसती रडत राहिली, आणि मी हातात मेथीची जुडी धरून दुसऱ्यांदा म्हणाले, "अगं, दे ना तिला फोन."

वैजयंती, म्हणजे सगळ्यांची वैजू, तेवीस वर्षांची होती. डेंग्यूनं गेली. आजारी पडली ते कळल्यापासून जेमतेम चार दिवसांत. आज दीड महिना झाला. तिच्याबद्दल लिहायला मला कोणी सांगितलेलं नाही, पण तिच्याबद्दल लिहील असं दुसरं कोणी नाही, हेही मला माहीत आहे.

सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत आमचं संशोधनाचं ऑफिस आहे. बालगृहात वाढलेल्या मुलामुलींना अठरा पूर्ण झाली की बाहेर पडावं लागतं. त्यानंतर त्यांचं काय होतं, ती कुठे राहतात, काय खातात, दुखलंखुपलं तर कोणाला सांगतात, हे त्यांनाच दर सहा महिन्यांनी विचारायचं, असा आमचा अभ्यास. मी त्याची समन्वयक. आयुष्य कॉलेजात शिकवण्यात गेलं, त्यामुळे पत्र कसं लिहावं ते मला कोणी शिकवू नये असा माझा ठाम समज होता. अभ्यासात सामील होण्याचं निमंत्रण मीच लिहिलं, दोन पानी, आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींना पाठवलं. महिनाभर एकाचंही उत्तर आलं नाही. मग एक दिवस एकोणीस वर्षांची, सडसडीत, तेल लावून घट्ट वेणी घातलेली एक मुलगी ते पत्र हातात घेऊन जिना चढून आली.

"हे कोणी लिहिलंय?"

"मी."

"छान आहे. मला वाटलं कोर्टाचं समन्स आलं." मग खुर्चीवर बसत म्हणाली, "यातला 'निराधार' तेवढा काढा, मग पुढचं बोलू."

माझा पारा चढला. मी फटकळ म्हणून सगळ्या पेठेत प्रसिद्ध, आणि ही काल आलेली पोर मला माझं पत्र दुरुस्त करून देत होती. पण तिनं माझ्यासमोर बसून वहीच्या कागदावर चार ओळी लिहिल्या. तू बाहेर पडलीस. कशी आहेस? आम्हाला तुझ्या तोंडून ऐकायचंय. नको वाटलं तर नाही म्हण, कोणी रागावणार नाही. मी त्यात लाल पेनानं एक स्वल्पविराम घातला, माझी लाज राखायला. ते पत्र गेलं आणि उत्तरं यायला लागली. पहिल्यांदा आली त्याच दिवशी वैजूनं स्वतःचाही फॉर्म भरला होता, पण दोन महिन्यांत आम्ही तिला नोकरीवरच घेतलं. नोकरीत असलेल्याला अभ्यासात धरता येत नाही, म्हणून तिचा फॉर्म एका पाकिटात घालून बाजूला ठेवला गेला.

तिची कामाची पद्धत तिची स्वतःची होती. बालगृहातल्या पुष्कळ मुलांची जन्मतारीख कोणालाच माहीत नसते, डॉक्टर अंदाजानं वय ठरवतात आणि कागदावर एक जून पडतो. त्यामुळे एक जूनला एकेका फाटकातून चार-चार, पाच-पाच जण एकदमच बाहेर पडतात, हातात पत्र्याची पेटी नाहीतर दोन पिशव्या घेऊन. वैजू सकाळपासून फाटकाबाहेर उभी राहायची. मी तिला म्हणायचे, आत अधीक्षिकांच्या खोलीत बसून संमतीपत्रावर सह्या घे, पंखा तरी आहे. ती म्हणायची, "मॅडम, त्या खोलीत आम्ही कशावरही सही करतो." ती नुसती पेटीचं एक टोक धरायची, बसस्टॉपपर्यंत चालायची, आपला नंबर द्यायची आणि अभ्यासाचं नावही काढायची नाही. आठ दिवसांनी फोन करायची. "आठ दिवसांत कळतं, कोणी जेवायला हाक मारत नाही म्हणजे काय असतं. मग ती खरं बोलतात," असं तिचं म्हणणं. स्वतःबद्दल ती एवढंच सांगायची की आई-बाप वाशीमकडून बिगारी कामाला पुण्यात आले, आई बांधकामावरच वारली, बाप परत गेला तो गेलाच, आणि सहाव्या वर्षी ती बालगृहात आली.

आमच्या फॉर्मच्या शेवटच्या पानावर एक रकाना आहे. पत्ता बदलला तरी तुम्ही कुठे आहात हे जिला नक्की ठाऊक असेल अशी एक व्यक्ती. नाव, फोन, नातं. एका मुलीनं तिथे तिच्या शाळेतल्या बाईंचं नाव लिहिलं होतं. वैजूनं फोन लावला तर बाई म्हणाल्या, मी अशा कोणाला ओळखत नाही, आणि ती मुलगी समोरच बसलेली होती. त्या दिवसापासून वैजूचा दंडक होता, ज्याचं नाव लिहायचं त्याला आधी विचारायचं. न विचारता कोणाच्या गळ्यात पडायचं नाही.

मग काय व्हायचं, मुलं वैजूलाच विचारायची. आणि ती कोणालाच नाही म्हणायची नाही. एकदा मी फॉर्म तपासायला बसले तर निम्म्याहून जास्त फॉर्मवर तिचाच नंबर. नातं काय, तर बहीण, ताई, मैत्रीण… एकीनं नुसतंच 'वैजू' लिहिलेलं. मी फॉर्मचा गठ्ठा तिच्यासमोर आपटला. "मुलाखत घेणारी तूच आणि संपर्काची व्यक्तीही तूच? उद्या तू नसलीस तर ही सगळी हातची जातील आपल्या."

"मी कुठं जातेय?" ती म्हणाली.

नियम म्हणजे नियम. एक नंबर दोनापेक्षा जास्त फॉर्मवर चालणार नाही, असं मी ठरवलं आणि प्रत्येकाला फोन करून दुसरं नाव मागायला लावलं. आठवडाभर ती मान खाली घालून फोन करत होती. नंदा नावाची एक मुलगी काही केल्या दुसरं नाव देईना. शेवटी वैजूच्या हातातून फोन घेऊन मीच बोलले, "असं कसं, कोणीतरी असतंच की." मग नंदा म्हणाली, "नाहीये मॅडम. माझं नावच काढून टाका." आणि आम्ही काढलं. वैजू मात्र दर रविवारी तिला फोन करत राहिली. मी त्यावरूनही तिला झापलं, की अभ्यास सोडलेल्या व्यक्तीच्या मागे लागणं नियमात बसत नाही. "अभ्यास सोडलाय तिनं, जग नाही सोडलं," असं म्हणून वैजू पाणी भरायला उठून गेली.

तिची-माझी शेवटची भेट गुरुवारची. डोळे लाल झाले होते आणि ती टेबलाची कड धरून उभी होती. मी विचारलं, "ताप आहे का?" "थोडा." मी म्हणाले, "मग गोळी घे. पण कसब्यातल्या त्या दोघींच्या मुलाखती उद्या उरकून टाक, शनिवारी अहवाल द्यायचाय." ती बरं म्हणाली. दारापर्यंत गेली आणि वळली. "मॅडम, एक विचारू?" मी मान वर न करता म्हटलं, "कामाचं असेल तर विचार." ती हसली. "मग राहू दे," म्हणाली आणि जिना उतरली. दुसऱ्या दिवशी तिनं त्या दोन्ही मुलाखती घेतल्या. फॉर्म आहेत माझ्याकडे. पहिल्यावर तिचं नेहमीचं गोल, टपोरं अक्षर आहे. दुसऱ्यावर ते ओळ सोडून खाली घसरत गेलंय, शेवटची दोन पानं तर धड वाचताही येत नाहीत. घरी कोणी असतं तर तिला त्या दिवशी उंबरा ओलांडू दिला नसता. शनिवारी करिश्मानं तिला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. मला कोणी कळवलं नाही, कारण मॅडमना अहवालाची गडबड आहे, असं वैजूनंच बजावलं होतं.

मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. खिडकीतल्या माणसानं रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "पेशंटच्या कोण तुम्ही?"

"आम्ही एका ऑफिसात काम करतो."

"ऑफिस नको, नातेवाईक पाहिजे. नातं सांगा."

"तिला कोणी नाही."

"असं कसं मॅडम," तो अगदी सौम्यपणे म्हणाला, "कोणीतरी असतंच की."

तो माणूस वाईट नव्हता, त्याला तो रकाना भरायचा होता. मी तिथल्या बाकावर बसले आणि नंदाला फोनवर मी काय म्हणाले होते ते शब्दन् शब्द आठवत राहिले. पोलिसांचा कागद, बालगृहाच्या जुन्या अधीक्षिकांचं पत्र, माझं हमीपत्र, या सगळ्यात मंगळवार उजाडला. दोन दिवस ती पोर तिथे पडून होती, कारण कागदावर ती कोणाचीच नव्हती.

स्मशानात तिच्या हातून फॉर्म भरलेली वीसेक मुलंमुली आली होती. कामावरून सुट्टी न मिळालेली काही जण युनिफॉर्मवरच आली होती. तिथल्या कर्मचाऱ्यानं विचारलं, "पुढे कोण होणार?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग मागून एक बुटकी, सावळी मुलगी पुढे आली. "मी. बहीण आहे तिची." कोणी कागद मागितला नाही. ती नंदा होती, हे मला नंतर करिश्मानं सांगितलं. नंदा माझ्याशी बोलली नाही, आणि तिनं का बोलावं?

वैजूचा फोन आता माझ्याकडे असतो. रविवारी वाजतो. ज्यांना अजून कळलेलं नाही ती पहिल्या झटक्यात "ताई" म्हणतात आणि मग मला सांगावं लागतं. दर वेळी सांगावं लागतं. एक मुलगी म्हणाली, "मग मी आता कोणाला फोन करू?" मी म्हटलं, यावरच कर. तिनं पुन्हा केलेला नाही. नियम मी रद्द केलाय. तो रकाना आता कोरा ठेवला तरी चालतो.

गेल्या आठवड्यात तिचे कागद आवरताना ते जुनं पाकीट हाती लागलं, चार वर्षांपूर्वीच्या तिच्या फॉर्मचं. सगळी उत्तरं निळ्या शाईत. शेवटच्या पानावरचा रकाना तेवढा पेन्सिलीनं भरलेला, अर्थात पाकिटात गेल्यानंतर कधीतरी. नाव माझं. फोन माझा. पेन्सिल पुसट झाली तशी ती अक्षरं पुन्हा पुन्हा गिरवलेली दिसतात, म्हणजे ते पाकीट ती मधूनमधून उघडत होती, माझ्या समोरच्या खुर्चीत बसून. नात्याच्या जागी दोन शब्द आहेत. 'विचारायचं आहे.'

मी हो म्हणाले असते गं वैजू, असं त्या कागदाला मी रोज सांगते. पण खोटं कशाला बोलू… त्या गुरुवारी तू विचारलं असतंस, तर मी 'आधी कसब्यातले फॉर्म आण' असंच म्हणाले असते.