पंधरा ते आठ

दिवाळीची सुट्टी लागली त्या दिवशी आमची मुलगी शाळेतून आली आणि दप्तर ठेवता ठेवता म्हणाली, "बाबा, मी ढ आहे." ती दुसरीत होती. सूर तक्रारीचा नव्हता, नुसती माहिती दिल्यासारखा होता. दहापर्यंत बोटं पुरायची. त्यापुढची बेरीज आली की ती पेन्सिल खाली ठेवायची.

मी कोलशेतच्या एका कारखान्यात हिशेब पाहतो. आकड्यांवर घर चालवणाऱ्या माणसाच्या पोरीने आकड्यांना भ्यावं, हे मला सोसेना. शाळा उघडायच्या आत तो 'ढ' तिच्या डोक्यातून काढायचा, असं मी ठरवलं.

सुरुवात फराळापासून केली. "या ताटात सहा चकल्या, त्या ताटात आठ. मिळून किती?"

"बाबा, हा अभ्यास आहे ना?" तिने विचारलं आणि एक चकली तोंडात घालून पळाली. गॅलरीतल्या पणत्या मोजायला लावल्या, तर तिने डोळे मिटून घेतले. आतून बायको म्हणाली, "अहो, सण आहे की परीक्षा? पोर पुढच्या वर्षी दिवाळीच नको म्हणेल."

मी तो नाद सोडला. वसुबारसेला बायकोने दारात ठिपक्यांची रांगोळी घातली, सात ते चार. म्हणजे मधल्या ओळीत सात ठिपके आणि वर-खाली एकेक कमी करत चारपर्यंत. प्रत्येक ठिपका मागच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधे. मुलगी शेजारी उकिडवी बसली. "आता सहा का?" "कारण मधे जागाच सहा आहेत." तिने वाकून त्या जागा पाहिल्या आणि चिमूट मागितली. दुसऱ्या दिवशी दोघींनी नऊ ते पाच घातली. नरकचतुर्दशीला पहाटेच्या अंघोळीनंतर तिने एकटीने अकरा ते सहा मांडली. अकरा! मला टाळी वाजवावीशी वाटली, पण बायकोने डोळे वटारले. पोरीला अभ्यासाचा वास आला असता तर सगळंच फिसकटलं असतं.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी इमारतीच्या प्रवेशद्वाराशी मोठी रांगोळी होती, पंधरा ते आठ. पहिल्या मजल्यावरच्या काकू आणि आमच्या समोरच्या वहिनी मांडायला बसल्या. वेळ कमी म्हणून त्यांनी काम वाटून घेतलं. मधून सुरुवात करून काकू वरच्या बाजूला गेल्या, वहिनी खालच्या. ठिपके झाले, रेषा जोडायला घेतल्या, आणि मधलं कमळ काही केल्या जुळेना. सगळी आकृती एका बाजूला कलली होती.

"वहिनी, तुमचे ठिपके प्यायलेत की काय?"

"माझे सरळ आहेत हो काकू. फरशीच वाकडी बसवलीय मेल्यांनी."

"सगळं पुसा आता. पुन्हा घाला."

मी जिन्याजवळ उभा होतो. घोळ माझ्या लक्षात आला होता. तो सांगायला मी तोंड उघडलं, तोच बायकोने माझा दंड धरला. मुलगी रांगोळीभोवती फिरत होती. ओठ हलत होते, बोटं मात्र पाठीमागे एकमेकांत अडकवलेली. ती बोलेल की मागे फिरेल, एवढाच प्रश्न होता.

"काकू, पुसू नका," ती म्हणाली. "पंधरा दोनदा आलेत. तुम्हीपण पंधरापासून सुरू केलं आणि वहिनींनीपण. त्यांनी चौदापासून करायचं होतं."

दोघींनी मान वाकवून पाहिलं. "अगं बाई!" वहिनी म्हणाल्या. "म्हणजे माझी बाजू सगळी गेली ना गं?"

"नाही. तुमच्या प्रत्येक ओळीतला या टोकाचा एकच ठिपका पुसायचा. पंधराचे चौदा होतील, चौदाचे तेरा. सगळ्यात खालची ओळ पूर्ण पुसायची." बोलता बोलता ती बसलीसुद्धा आणि ओल्या बोटाने एकेक टिपू लागली. कललेली आकृती आमच्या डोळ्यांदेखत सरळ झाली.

मग ती उठली आणि थेट माझ्याकडे वळली. "बाबा, मी सात ओळींतले सात पुसले आणि शेवटच्या ओळीतले आठ. पंधरा झाले. जास्तीचे पंधराच होते ना?"

बोटं कोरडी करायला ती फ्रॉकला पुसत होती. मोजायला तिला ती लागलीच नव्हती. मी नुसती मान हलवली. बायको माझ्याकडे बघून हसत होती.

रेषा जुळल्या, कमळ पुरं झालं. काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी ठिपके हिला विचारूनच मांडायचे."

"पुढच्या वर्षी कशाला?" मुलगी म्हणाली. "उद्या पाडवा आहे ना. एकवीस ते अकरा घालू. वहिनी, तुम्ही वीसपासून सुरू करा."