आवाजाची परवानगी

लिहिणं हे आमच्या घरातलं काम नव्हे, म्हणून आधी माफी मागतो. कॉलेजात जाणारा मी पहिलाच; वडील पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर होते. तरी जे कानांनी ऐकलं ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

कॉलेजातल्या एका सरांमुळे मला हौशी रेडिओचा, म्हणजे घरच्या यंत्रावरून दूरदूरच्या अनोळखी माणसांशी संपर्क साधायचा, नाद लागला. परीक्षा पास होऊन नवशिक्याचं लायसन आलं, तेव्हा वडिलांनी पेढे वाटले आणि शिफ्टवर सांगून टाकलं, "आमचं पोरगं आता परदेशाशी बोलणार."

संध्याकाळी वसाहतीतली माणसं आमच्या खोलीत मावेनात. नवशिक्याला बोलायची परवानगी नसते, हे सांगायचा मला धीर होईना. त्याने ठरावीक रेडिओलहरींवर, एखाद्या बल्बाएवढ्या ताकदीवर, फक्त मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची अक्षरं, वाजवायचं. असे पुरेसे संपर्क झाले, पलीकडच्यांची पोचकार्डं टपालाने आली आणि ती सरकारला दाखवली, की मग आवाज.

मी मोर्सची कळ दाबू लागलो.

"ह्ये काय, सुपारी कातरतोय व्हय?" शेजारच्या आजींनी विचारलं.

"लायसन आलं आन् तोंड बंद झालं, राव!" वडिलांच्या शिफ्टवरचे एक काका म्हणाले. सगळे हसले. वडील हसले नाहीत.

तेवढ्यात हेडफोनमध्ये माझंच सांकेतिक नाव परत आलं. बारीक, थरथरतं. गच्चीवरच्या तांब्याच्या तारेतून निघालेली माझी टकटक जपानातल्या एका अनोळखी माणसाने ऐकली होती. मी हेडफोन वडिलांच्या कानाला लावला.

"काय म्हणतोय?"

"त्याच्याकडे बर्फ पडतोय."

मागची माणसं पुढे सरकली.

"जेवला का, इचार त्याला," आजी म्हणाल्या. मी विचारलं. जेवला होता.

त्यानंतरही कारखान्यात वडिलांना विचारत, "काय भाऊ, पोरगं बोललं का?" घरी ते त्याबद्दल काही काढत नसत, पोस्टमन येऊन गेला का, एवढंच विचारत. पोचकार्डं जमायला वर्षाहून जास्त लागलं. मग अर्ज दिल्लीला गेला आणि उत्तरच येईना. नामंजूर झाला असेल, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

एका रविवारी सकाळी सरांचा मोर्स ऐकू आला. ते दिल्लीत चौकशी करून परतले होते. मी एकेक अक्षर कागदावर उतरवत गेलो; वडील मागे उभे राहून ती इंग्रजी अक्षरं जुळवत होते. परवानगी मंजूर झाली होती. मला बोलता येणार होतं.